वाफेची भाकरी



रबीची रास घरात आली की आम्ही बायका उन्हाळी कामांची यादी मनात धरतो. कणगीला लिंपण, गोधड्यांना टीप, मागच्या भिंतीला पोचारा, पत्र्याची भोके डांबराने बुजवणे. यादी दरवर्षी तीच आणि त्यातली निम्मी कामे राहून जातात तीही दरवर्षी तीच. आमच्या घरी गेली सहा वर्षे असे एक काम मागे पडले होते, पाट्याला टाकी घालून घ्यायचे. मिक्सर आला तसा पाटा न्हाणीपाशी गेला. त्यावर पाण्याची बादली ठेवायची, कधी पोरांनी उभे राहून पाय धुवायचे. घासून घासून तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता. यंदा तो पुन्हा स्वयंपाकघरात आला, आणि आला तो माटुंग्यामुळे. कसा ते सांगते.

गेल्या दिवाळीपासून आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, जेवण तुटले. खालचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी करून आणली, पण ती हिरड्यांना लागे, म्हणून डबीतच राही. जन्मभर मालदांडीच्या भाकरीवर वाढलेले माणूस. भाकरी चावत नाही म्हटल्यावर दुधात कुस्करून चार घास घेत आणि ताट सारत. भात पुढे केला तर म्हणत, "भात काय जेवण हाय व्हय?" होळीपर्यंत अशी वेळ आली की हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. त्यांना दिसू नये म्हणून मी तिकडे बघत नसे, आणि मला दिसू नये म्हणून त्या पदर ओढून घेत.

माझ्या थोरल्या नणंदबाई माटुंग्याला असतात. त्यांच्या यजमानांची सारी नोकरी तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात झाली. वन्संचा निरोप आला, "आईला घेऊन ये, इथल्या दातांच्या डॉक्टरांना दाखवू." रास झाली होती, घरी माणसे होती, निघालो. सोलापूरच्या गाडीने दादर आणि तिथून लोकलने एकच स्टेशन. या माटुंगा स्टेशनाचा सगळा कारभार २०१७ च्या जुलैत बायकांच्या हाती सोपवला गेला, तिकिटापासून पोलिसापर्यंत. वन्संनी हे सांगितले तेव्हा आत्याबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "मग गाड्या येळेवर येत असतील."

डॉक्टरांनी कवळी घासून थोडी बसती केली. मात्र हिरड्या बसायला वेळ लागेल, तोवर मऊ खा, असे सांगितले. मऊ म्हणजे काय, ते आम्हाला माटुंग्यानेच शिकवले.

हा भाग मुंबईतला असून वेगळा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाटीच्या चाळींत माणसे पटापट गेली. त्यानंतर १८९८ साली नगरसुधारणेचा ट्रस्ट निघाला आणि त्याने दादर-माटुंगा-शीव भागात मोकळे रस्ते आखून नवी वस्ती वसवली. कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकरीला आलेली दक्षिणेकडची पुष्कळ कुटुंबे इथे राहायला आली. म्हणून रस्त्यांची नावे तेलंग, भांडारकर, भाऊ दाजी अशी आपली, आणि बाजार मात्र निम्मा मद्रासकडचा. हिरव्या केळीच्या पानांच्या गुंडाळ्या, कढीलिंबाचे भारे, शेवग्याच्या शेंगा, मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या वेण्या. कॉफीचे बी दळायचे दुकान आले की वासानेच कळते. आत्याबाईंनी शेवग्याच्या शेंगेचा भाव विचारला आणि एवढ्या मोठ्याने "अगं बया!" म्हणाल्या की विकणारा हसू लागला. आपल्या बांधावरच्या शेंगा आपण पोत्याने देतो, त्या तिथे जुडीने मोजून विकतात. यावर एकदा स्वतंत्र लिहायचे आहे.

स्टेशनालगत बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचे 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे. १९४२ साली, लढाईच्या टंचाईच्या दिवसांत, त्यांनी ते सुरू केले. एकट्याने राहणाऱ्या नोकरदारांना घरासारखे जेवण मिळावे ही सोय. त्याआधी १९३६ साली किंग्ज सर्कलला त्यांनी 'कॅफे म्हैसूर' काढले होते. या बोर्डिंगात आम्ही केळीच्या पानावर जेवलो. तिथे मुदपाकखाना बघायला मोकळीक आहे. आत्याबाई हात धुऊन थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या, भांडी लख्ख आहेत अशी खात्री करून आल्या, मगच पानावर बसल्या. रसम-भात त्यांनी दोनदा घेतला. मी काही बोलले नाही, फक्त वन्संकडे पाहिले.

इडलीची ओळख मात्र वन्संच्या शेजारणीकडून झाली. त्या तमिळ. त्यांना सारी चाळ 'मामी' म्हणते, त्यांच्याकडे वयाने मोठ्या बाईला तसेच म्हणतात. सकाळी त्यांनी झाकण घालून ताटली पाठवली. आत्याबाईंनी एक इडली बोटाने दाबून पाहिली.

"पांढरं फक्क. आजाऱ्याचं खानं दिसतंय."

"आई, दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून खा," वन्सं म्हणाल्या.

खाल्ली. एक, मग दुसरी. पण नंतर म्हणाल्या, "चांगली हाय, पण आपली न्हाई." परतीच्या गाडीत हेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिले.

वास्तविक ती आपली नाही असेही म्हणता येत नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या मुदपाकखान्यातले पदार्थ आहेत आणि त्यांत 'इड्डरिका' आहे. ती उडदाची होती, तांदळाची जोड पुढे मिळाली. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्याहून पहाटे निघाले तर न्याहारीला पोहोचावे एवढ्या अंतरावर. सांबाराचेही असेच. तंजावरला व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास मराठी राज्य उभे केले, ते १८५५ पर्यंत चालले. त्या मराठी दरबारातल्या आमटीत आमसुलाऐवजी चिंच पडली आणि सांबार झाले, असे सांगतात. दंतकथाच ती, पण सांबार ढवळताना आठवायला बरी वाटते. आणि पीठ आंबवणे आपल्याला काय नवे? कोकणात आंबोळी आहे, आपल्याकडे ज्वारीची आंबील आहे.

घरी आल्यावर मनात आले, तांदळाऐवजी ज्वारी घातली तर?

पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगते. ज्वारीचा जाडसर रवा गिरणीतून आणला. चार वाट्या रव्याला वाटीभर उडीद डाळ घेतली, कारण तांदळाचे प्रमाण मामींनी तसेच सांगितले होते. डाळ मिक्सरमध्ये फिरवली. मध्येच वीज गेली, आली, पुन्हा गेली, भांडे हाताला चटका देईल इतके तापले. सकाळी वाफवले तर पेंडीचे गोळे. थोरला मुलगा म्हणाला, "आई, हे म्हशीला घालू का?" म्हशीने खाल्ले.

वन्संना फोन केला, त्यांनी मामींना दिला. मामींचे मराठी तोडके, पण सांगणे नेमके. ज्वारी तांदळापेक्षा कोरडी, तिला डाळ जास्त लागते, दोन वाट्या रव्याला एक वाटी. उडदाला जो चिकटपणा असतो, त्यातच हवा अडकून पीठ फुगते. डाळीच्याच अंगावर आंबवणारे सूक्ष्म जंतू असतात, त्यामुळे वरून सोडा नको की काही नको. मात्र वाटताना डाळ तापली की बिघडली. मग विचारले, "दगड है ना घर में?"

दगड होता. न्हाणीपाशी, बादलीखाली.

टाकी घालणारे पूर्वी उन्हाळ्यात वेशीपासून ओरडत येत. आता येत नाहीत. बाजाराच्या गावी चौकशी केली तेव्हा एक म्हातारेबाबा मिळाले, ते चैत्रात येऊन गेले. पाट्याला आणि वरवंट्याला टाकी घालायला त्यांना दुपार लागली. आत्याबाई सावलीत बसून शेवटपर्यंत बघत होत्या आणि "हितं सुटलं बगा" म्हणून बोट दाखवत होत्या. नव्या टाकीच्या पाट्यावर आधी मूठ-मूठ जाडी ज्वारी दोनदा वाटून ते वाटण टाकून द्यावे, नाहीतर खर पोटात जाते. हेही त्यांनीच सांगितले.

आता कृती. दोन वाट्या ज्वारीचा रवा धुऊन, पाणी घालून चार तास भिजवायचा. वाटीभर उडीद डाळ आणि पाव चमचा मेथ्या वेगळ्या, तेवढाच वेळ. डाळीबरोबर वाटायला मूठभर पोहे आयत्या वेळी भिजवावेत. डाळ थोडे थोडे गार पाणी शिंपडत पाट्यावर लोण्यासारखी वाटायची. झाली की नाही हे पाहायला वाटीभर पाण्यात थेंब सोडावा, तरंगला की झाली. रव्यातले पाणी हाताने दाबून काढावे, तो डाळीत कालवावा, मीठ घालून हातानेच फेटावे. पातेले निम्मेच भरावे. मी गळ्यापर्यंत भरले होते. वैशाखाच्या रात्री पीठ उतू गेले, फळीवरून खाली आले आणि सकाळी मुंग्यांची वारी लागली. उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात. थंडीत बारा-चौदा लागतात, आणि पातेले चुलीच्या उबेला ठेवावे लागते.

इडलीपात्र नसले तरी अडत नाही. वाट्यांना तेलाचे बोट फिरवून अर्ध्याहून थोडे वर पीठ घालावे, त्या चाळणीत मांडून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवाव्यात, वर घट्ट झाकण. पंधरा मिनिटे. सुरी घालून कोरडी निघाली की उतरवावे आणि जरा निवल्यावर काढावे, घाईने काढले तर तुटतात. तांदळाच्या इडलीसारखी ही पांढरी आणि हलकी होत नाही, करडी होते, थोडी जड. तशी अपेक्षाच धरू नये. पण धान्य आणि डाळ एकत्र आल्याने अंगाला धरते, कारण एकात जे कमी ते दुसऱ्यात असते. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा ज्वारीचे केक काय आणि बिस्किटे काय, पुष्कळ दाखवले. त्यापेक्षा मला हे बरे वाटते, त्याला लागते ते सगळे घरात आहे.

पहिल्यांदा नीट जमल्या त्या दिवशी मी आत्याबाईंपुढे ताटली ठेवली. शेंगदाण्याची चटणी दह्यात सैल केलेली आणि वर तूप. नाव सांगितले नाही. त्यांनी वास घेतला.

"ज्वारी हाय."

"होय."

"आंबवलीस?"

"होय. पाट्यावर वाटलं."

तीन खाल्ल्या. शेजारची बाई विचारायला आली तेव्हा त्यांनीच सांगितले, "वाफेची भाकरी हाय ती. चावाय लागत न्हाई." तेव्हापासून घरात तिचे तेच नाव आहे. आता दर दोन दिवसांनी डाळ भिजते. वाटायला मी बसले की त्या पलीकडून पाण्याचा हात मारतात, आणि वाटण जाडसर राहिले तर सांगतात.

कवळी अजून डबीतच असते. आषाढात पुन्हा दाखवायला बोलावले आहे. या खेपेला माटुंग्याला जाताना मामींसाठी पायलीभर मालदांडी न्यायची, असे आत्याबाईंनी ठरवले आहे. चाळून, निवडून पिशवी बांधलीसुद्धा. कणगीचे लिंपण मात्र अजून व्हायचे आहे, आणि कालपासून पश्चिमेला आभाळ भरून येऊ लागले आहे.