आधी त्याची टेस्ट!

बॉस, नवा मोबाइल घ्यायचा तर आपण चार दुकानं फिरतो, दहा जणांना पिडतो. आयव्हीएफ सेंटर मात्र होर्डिंगवरचं गुटगुटीत बाळ बघून ठरवतो!

खांडबाऱ्याला माझा मावसभाऊ राहतो. लग्नाला चार वर्षं झाली. परवा त्याचा फोन आला, 'सुरत की नाशिक? कुठलं सेंटर बेस्ट?' सुरतला थेट रेल्वे, त्यामुळे त्याचा कल तिकडे. मी म्हटलं, 'दादा, तुझा रिपोर्ट काय म्हणतो?' एकदम शांतता! वहिनीची सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे, सगळं झालेलं. याची एकही टेस्ट नाही!

हिंजवडीतही वेगळं चित्र नाही हं. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. आणि वीर्यतपासणी तर सगळ्यात सोपी टेस्ट. आधी दोन ते सात दिवसांचा गॅप, बस्स! रिपोर्ट गडबड आला तरी टेन्शन नको, टेस्ट पुन्हा करायची. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला तापही काउंट पाडू शकतो.

म्हणून सेंटरमधला माझा पहिला प्रश्न : इथे पुरुषाला तपासणारा अँड्रॉलॉजिस्ट किंवा युरॉलॉजिस्ट आहे का? वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोसील), हार्मोन्सचा घोळ, जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं... अशा कारणांवर अनेकदा इलाज असतो. त्याला न तपासताच 'थेट इक्सी करू' म्हणणारं सेंटर दिसलं की जरा थांबा. एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडण्याचं हे तंत्र १९९२मध्ये ब्रुसेल्सहून जगापुढे आलं. कित्येकांना बाप करणारं आहे ते, मान्य. पण काउंट याचा कमी आणि इंजेक्शनं तिला!

पुढचे प्रश्न पैशांचे आणि कागदांचे. २०२१च्या एआरटी कायद्याखाली रजिस्ट्रेशन आहे का? 'लेव्हल वन'वाल्यांना फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफ-इक्सीसाठी 'लेव्हल टू' लागतं. जाहिरातीतला सक्सेस रेट कशाचा? पॉझिटिव्ह टेस्टचा, की बाळ घरी नेलेल्यांचा? आणि कुठल्या वयोगटाचा? पॅकेजमध्ये औषधं, फ्रीझिंग धरलंय का, हे लेखी घ्या. खेपाही मोजा. इंजेक्शनं सुरू झाली की दहा-बारा दिवसांत सोनोग्राफीसाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. गावाहून येणाऱ्यांना रजा आणि मुक्काम परवडायला हवा ना?

चकाचक लॉबीवर मात्र जाऊ नका. ६ ऑगस्ट १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती मुंबईच्या केईएममध्ये. महापालिकेच्या हॉस्पिटलात!

तेव्हा मित्रांनो, सेंटर कुठलंही निवडा, पण नंबर लागेल तेव्हा खुर्च्या दोन मागा. आणि पहिली टेस्ट तुमची!