अभावी अक्षता

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की आमच्या पंढरपुरात कीर्तनानंतर बुक्का लावून घेण्यास येणारी मंडळी हटकून विचारतात, "बुवा, प्रतिष्ठापनेची नेमकी वेळ कोणती?" नेमकी म्हणजे मिनिटापर्यंत नेमकी! शास्त्राने मध्याह्नकाळ सांगितला आहे. दिनमानाचे पाच भाग केले असता त्यांतील तिसरा तो मध्याह्न. बारा तासांच्या दिवसात तो 2 तास 24 मिनिटांचा होतो. इतका ऐसपैस अवकाश दिलेला असता घरातील भुकेल्या लेकरांवर घड्याळाचा पहारा बसविण्याचे प्रयोजन काय?

वादात प्रमाण म्हणून पुढे केला जातो तो 'धर्मसिंधु'. त्याचे कर्ते काशीनाथशास्त्री उपाध्याय याच पंढरीचे, विठ्ठलाचे परमभक्त. 1790 च्या सुमारास त्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला, तोच मुळी शास्त्रचर्चेचा गुंता बाजूस सारून सामान्य जनांस निर्णय सुलभ व्हावा म्हणून. सोयीसाठी रचलेल्या ग्रंथाचा धाक व्हावा, हे विपरीत होय.

वस्तुतः पूजाविधीतच केवढी उदारता आहे! वस्त्र नाही, अक्षता वाहाव्यात. अलंकार नाहीत, अक्षता वाहाव्यात. षोडशोपचार न जमल्यास गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हे पाच पुरेत. आणि शेवटी, मंत्रात वा क्रियेत काही उणे राहिले असल्यास क्षमा मागण्याची प्रार्थना प्रत्येक पोथीत छापलेलीच असते. ती म्हणून झाल्यावरही दूर्वा एकवीस होत्या की वीस, याचा खल आरतीच्या ताटाभोवती चालतो. पहाटेपासून सोवळ्यात राबणाऱ्या सुनेचा एखादा मोदक उकडताना फुटला तर पाहुण्यांदेखत तिला बोल लावला जातो. ते कोणत्या विधीत बसते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

नियम नकोत, असे माझे म्हणणे नाही. स्नान, शुचिता, वेळेचे भान यांनी मन पूजेस सिद्ध होते, हे मी जन्मभर सांगत आलो. परंतु सासूबाईंच्या पश्चात गणपती आणणेच बंद झाले, अशी काही घरे मला ठाऊक आहेत. कारण अश्रद्धा नव्हे. 'आमच्या हातून काही चुकले तर?' ही धास्ती! अंगठ्याएवढ्या चुकीच्या भयाने देव्हाऱ्यापुढचा चौरंग माळ्यावर गेला.

अशा घरांतील सुनांनी यंदा तो चौरंग खाली काढावा. गुरुजी न मिळाले तर पोथी घरातल्याच मुलाने वा मुलीने वाचावी. उच्चार अडखळले तरी थांबू नये. पळीभर पाणी, मूठभर अक्षता जवळ असाव्यात.