गणित गट बंद करण्यापूर्वी



अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते. "सर, कॉमर्स घेऊन बीसीए करील. त्या साइन-थीटाचा पुढे उपयोग तरी काय?" यंदा गणित गटात बोटांवर मोजता येतील एवढीच मुले आली. हा गट चालू ठेवावा का, असा प्रश्न विश्वस्त मंडळात निघाला. आमचे मत स्पष्ट आहे : ठेवावा. आणि त्या पालकांना उत्तर देणेही आमच्याकडे लागते.

आम्ही शिकलो हिंदी माध्यमातून. या शाळेत आल्यावर पहिल्याच तासाला फळ्यावर 'ध्वनीची आवृत्ती' असे लिहिले. एका मुलीने विचारले, "सर, कितवी?" मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते, ध्वनीची असते ती वारंवारता! वर्गाबरोबर आम्हीही हसलो. शब्द बदलला, पण फळ्यावरची लाट तीच राहिली. ती लाट म्हणजेच तुमचा साइन-थीटा.

फ्रान्सच्या फूरिए या गणितज्ञाने उष्णतेवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली मांडले, की कितीही वेडीवाकडी रेषा असो, ती साध्या साइन-कोसाइन लाटांच्या बेरजेने उभी करता येते. आज फोर-जी मोबाइलवरची माहिती शेकडो बारीक लाटांवर वाटून पाठवली जाते, आणि पलीकडचा फोन हीच बेरीज उलगडून ती वाचतो. इंजिनिअरिंगमध्ये 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' या विषयाची सुरुवातच इथून होते. पुढे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, वायरलेस, अँटेना, रडार.

रडारचे तर आपल्या माळव्याशी थेट नाते आहे. सोयाबीन पेरायचे जून-जुलैत, काढायचे सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पिकाचे बहुतेक आयुष्य ढगांखाली. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला तेव्हा वरून नुसते ढग दिसतात. रडारच्या लाटा काही सेंटिमीटर लांबीच्या, ढगातल्या थेंबांहून कितीतरी मोठ्या; त्या ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. पिकावर आणि ओल्या मातीवर आपटून परतलेल्या प्रतिध्वनीवरून शेताचे चित्र तयार होते. भारताने स्वतःचा असा रडार-उपग्रह, रिसॅट-१, २६ एप्रिल २०१२ रोजी सोडला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या 'निसार'वर तर दोन रडार आहेत : एक नासाचे, सुमारे २४ सेंटिमीटर लाटेचे, दुसरे इस्रोचे, त्याहून आखूड लाटेचे. त्याची जाळीची तबकडी १२ मीटर रुंद आहे, पण बारीक चित्रासाठी तीही पुरत नाही. म्हणून उपग्रह पुढे सरकत असता आलेले हजारो प्रतिध्वनी गणिताने जोडून जणू कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना तयार केली जाते. हे जोडकाम फूरिएच्याच युक्तीने होते.

हे शिकायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच शहरात १९५२ पासूनचे एसजीएसआयटीएस आहे, २००९ पासून आयआयटी आहे. रिमोट सेन्सिंगसाठी आयआयटी मुंबईत स्वतंत्र केंद्र आहे, डेहराडूनला इस्रोची संस्था आहे. इस्रोच्या रडारांचे काम जिथे होते ते अंतरिक्ष उपयोग केंद्र अहमदाबादला, आपल्यापासून एका रात्रीच्या बसवर. मात्र आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत गणित असतेच. अकरावीत सोडलेला विषय पुढे पुन्हा धरणे किती कठीण जाते, ते आम्ही पाहिले आहे.

खोटी आशा दाखवणार नाही. हे विषय अवघड आहेत. इलेक्ट्रॉनिक्स शिकून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी धरणारे आमचे माजी विद्यार्थीही पुष्कळ आहेत. पण एखाद्या मुलीला रडारकडेच जायचे असेल, तर तिचा रस्ता शाळेनेच अकरावीत बंद करावा, हे आम्हाला पटत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती एवढीच, की गणित गटाला आणखी दोन वर्षे द्यावीत आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेला ऑसिलोस्कोप दुरुस्त करून द्यावा. तो आला की एका शनिवारी पालकांना प्रयोगशाळेत बोलावू. माइकसमोर आपल्या मुलाचे नाव घ्या आणि पडद्यावर त्याची लाट पाहा. चहाची व्यवस्था शाळेकडे.