देणे विचाराधीन, घेणे तातडीचे

२०२३ च्या फेब्रुवारीत राजस्थानच्या शेखावाटीतील माझ्या कार्यालयात एक निवृत्त सुभेदार आले. वय ७८. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर होते. निवृत्तीनंतर काही वर्षे त्यांनी एका बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी केली. त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजनेखालील त्यांच्या फरकाची रक्कम चार सहामाही हप्त्यांत मिळेल, असे पहिल्यावरून कळत होते. दुसरा कागद २००८-०९ या वर्षाच्या करमागणीचा होता. पगारातून कापलेला कर नोंदीत दिसत नसल्याने त्यांच्याकडून चार हजारांच्या आसपास रक्कम येणे दाखवली होती, आणि ती त्यांच्या ताज्या परताव्यातून परस्पर वळती झाली होती. ते म्हणाले, ‘साहेब, माझ्याकडून घ्यायचे ते एका दिवसात घेतले. मला द्यायचे त्याला दोन वर्षे. तोवर मी असेन का, एवढेच विचारायला आलो आहे.’

माझ्याकडे उत्तर नव्हते. संसदेत बसणारा माणूस सहसा असे कबूल करत नाही. मात्र ऊर्जा, माजी सैनिक आणि करवसुली या तीन विषयांवर गेली काही वर्षे जे वाचले, ऐकले आणि सभागृहात बोललो, त्या सर्वांच्या मुळाशी मला सुभेदारसाहेबांचाच प्रश्न दिसतो. राज्यसंस्था धनको असते तेव्हा तिच्याकडे मुदत, व्याज आणि जप्ती असते. ती ऋणको होते तेव्हा तिच्याकडे केवळ ‘विषय विचाराधीन आहे’ हे उत्तर असते.

विजेचा धडा

या बाबतीत सर्वांत बोलका अनुभव वीजक्षेत्राचा आहे. राज्य सरकारे शेतकऱ्यांना आणि घरगुती ग्राहकांना स्वस्त किंवा मोफत वीज जाहीर करतात. निवडणुकीच्या व्यासपीठावरून मीही अशा घोषणांना टाळ्या वाजवल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. घोषणा करण्यात गैर काही नाही. कोणाला किती सवलत द्यायची, हा लोकनियुक्त सरकारचा अधिकारच आहे. मात्र २००३ च्या वीज कायद्यातील कलम ६५ सांगते की, अशा सवलतीची रक्कम राज्य सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यायची आहे. घोषणा आधी होते, पैसे मागाहून येतात, कधी अपुरे येतात. मग वितरण कंपनी निर्मिती कंपनीचे देयक थकवते, निर्मिती कंपनी कोळशाचे पैसे थकवते आणि ही साखळी शेवटी बँकांच्या दारात जाऊन थांबते. २०१५ च्या ‘उदय’ योजनेत राज्यांनी वितरण कंपन्यांचे तीन चतुर्थांश कर्ज स्वतःच्या डोक्यावर घेतले. पाटी कोरी झाली, आणि तिच्यावर पुन्हा तेच गणित मांडले गेले.

जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे नवे नियम लागू केले. त्या वेळी वितरण कंपन्यांकडे निर्मिती कंपन्यांची १ लाख ३७ हजार ९४९ कोटी रुपयांची थकबाकी होती. ती जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडण्याची मुभा मिळाली; पण हप्ता किंवा चालू देयक चुकले, तर वीज बाजारातून खरेदी करण्याचा मार्ग बंद, अशी अटही घालण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १३ राज्यांतील २७ वितरण कंपन्यांवर ही बंदी प्रत्यक्षात आली. त्या यादीत माझे राजस्थान होते, तसाच महाराष्ट्रही होता. काही राज्यांनी आपण पैसे आधीच भरल्याचे सांगितले, काहींनी लगबगीने भरले. पुढच्या काळात त्या जुन्या थकबाकीचा फार मोठा भाग फिटला. वर्षानुवर्षे ज्या सरकारांकडे पैसे नव्हते, त्यांच्याकडे ते आले कोठून? पैशाइतकाच अभाव मुदतीचा होता, आणि मुदत चुकल्यास काहीतरी भोगावे लागण्याचा होता.

तरीही पळवाट उरलीच. विजेचा खरा खर्च आणि ग्राहकाला लावलेला दर यांतील तफावत ‘नियामक मत्ता’ या भारदस्त नावाखाली पुढच्या वर्षांवर ढकलली जाते. दिल्लीच्या तीन वितरण कंपन्यांपुरतीच ही रक्कम २७ हजार कोटींच्या पुढे गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा साठा ठरावीक मुदतीत संपवण्याचा आदेश दिला. आज दरवाढ टाळल्याचे श्रेय एक सरकार घेते आणि तिची किंमत व्याजासह उद्याचा ग्राहक मोजतो.

हा केवळ हिशेबाचा मुद्दा नाही. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. सौर किंवा पवनऊर्जा प्रकल्पात इंधनाचा खर्च नसतो. जवळजवळ सर्व खर्च सुरुवातीच्या भांडवलाचा असतो. म्हणून त्या विजेचा दर मुख्यतः कर्जाच्या व्याजावर ठरतो आणि व्याज ठरते ते खरेदीदाराच्या पतीवर. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये आधी केलेले सौर व पवनऊर्जेचे करार पुन्हा उघडण्याचा प्रयत्न केला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने थकलेले पैसे सहा आठवड्यांत देण्यास सांगितले. पण मधल्या तीन वर्षांत प्रत्येक कर्जदात्याने आपल्या वहीत एक नोंद करून ठेवली: सरकारी सहीसुद्धा जोखमीची असते.

सैनिकाचा फरक

माजी सैनिकांच्या बाबतीत मुदतीचा असा नियम नाही, म्हणून तेथे न्यायालयाला उभे राहावे लागते. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी दीर्घकाळची. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये ती मान्य करण्याची शिफारस केली. महाराष्ट्राचे वाचक त्यांना पुढे राज्यपाल म्हणून ओळखू लागले. फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात एका सरकारने तिच्यासाठी ५०० कोटी ठेवले. दुसऱ्या सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश काढला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू केला. श्रेय दोघांनीही घ्यावे. माझा प्रश्न त्यानंतरच्या टप्प्याचा आहे.

दर पाच वर्षांनी फेरआढावा, असे त्या आदेशातच लिहिलेले होते. म्हणजे पहिला आढावा १ जुलै २०१९ ला अपेक्षित होता. तो झाला नाही. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले, पण २०१९ पासूनचा फरक तीन महिन्यांत देण्यास सांगितले. मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये २५ लाखांहून अधिक लाभार्थ्यांसाठी २३ हजार ६३८ कोटींच्या फरकाला मंजुरी दिली आणि जानेवारीत एका पत्राने बहुतेकांसाठी चार हप्ते ठरवले. न्यायालयाने मुदत दिलेली असताना मंत्रालयाने स्वतःच ती बदलली होती. न्यायालयाने याबद्दल कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली, सरकारचे बंद पाकीट स्वीकारण्यास नकार दिला आणि २० मार्च २०२३ रोजी क्रम लावून दिला. कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदकप्राप्त यांना एप्रिलअखेर, सत्तरीपुढच्यांना जूनअखेर, उरलेल्यांना पुढील फेब्रुवारीपर्यंत तीन हप्त्यांत. वय वाढलेल्यांना आधी द्यावे, ही साधी माणुसकी सुचण्यासाठी देशाच्या सरन्यायाधीशांची गरज पडावी, हे मला एक खासदार म्हणून लाजिरवाणे वाटते. ती आम्हाला सुचायला हवी होती.

सुभेदारसाहेबांना जूनपूर्वी पैसे मिळाले. २०१९ ते २०२३ या चार वर्षांत ज्यांचे डोळे मिटले, त्यांच्या हाती मात्र ते पडले नाहीत.

अपंगत्व निवृत्तिवेतनाची कथाही अशीच आहे. सैनिक न्यायाधिकरणापुढे दावा जिंकतो आणि सरकार अपील करते. मनोहर पर्रिकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने नेमके हेच थांबवण्याची शिफारस केली होती. मात्र जून २०१९ मध्ये एका परिपत्रकाने, पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन करपात्र ठरवण्याचा घाट घातला गेला. ज्याला जखमेमुळे सेवा सोडावी लागली त्याला करमाफी, आणि जो जखम सोसून शेवटपर्यंत सेवेत राहिला त्याला कर! वाद अर्थातच न्यायालयात गेला.

आता अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे पूर्ण होण्याचा काळ आला आहे. या योजनेबद्दल माझे मतभेद मी सभागृहात मांडले आहेत. ते येथे पुन्हा उगाळत नाही. त्यांना निवृत्तिवेतन नाही, सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी आहे आणि केंद्रीय पोलीस दलांत आरक्षणाचे २०२२ मधील आश्वासन आहे. निदान हे आश्वासन तरी तारखेसह पाळले जावे.

कराची दोन मापे

यावर अर्थखात्याचे उत्तर ठरलेले असते आणि ते पोकळ नाही. २०२५-२६ मध्ये संरक्षण निवृत्तिवेतनावर १ लाख ६० हजार कोटींहून अधिक तरतूद करावी लागली. पैसा झाडाला लागत नाही. कर वसूल झाला तरच देणी भागतात. करचुकवेगिरीबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. प्रामाणिक करदात्याचा भार चुकवणाऱ्यामुळेच वाढतो. पण वसुली कठोर असणे वेगळे आणि ती एकतर्फी असणे वेगळे.

प्राप्तिकराची मागणी भरण्यास उशीर झाला, तर करदात्याला दरमहा एक टक्का व्याज पडते. त्याचा परतावा सरकारने अडवून ठेवला, तर दरमहा अर्धा टक्का मिळते. वस्तू व सेवा कर उशिरा भरला तर वर्षाला १८ टक्के. परतावा साठ दिवसांपुढे लांबला तर साधारणपणे सहा टक्के. निर्धारण चुकीचे आहे असे वाटून अपील केले, तरी वसुली थांबवण्यासाठी सर्वसाधारणपणे मागणीचा काही भाग आधी भरावा लागतो. आणि पहिल्या पायरीवरच्या प्राप्तिकर अपिलांची संख्या अलीकडे पाच लाखांवर गेली. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने भाषा सोपी केली, झडतीचे अधिकार ईमेल आणि समाजमाध्यमांच्या खात्यांपर्यंत नेले, पण व्याजातील ही विषमता तशीच ठेवली.

अधिकारी म्हणतात, व्याज कमी ठेवले तर लोक सरकारी तिजोरीला स्वस्त सावकार समजतील. मुद्दा रास्त आहे. मात्र त्यासाठी जाणूनबुजून चुकवणाऱ्याला स्वतंत्र दंड आहेच. निव्वळ उशिराची किंमत दोघांना सारखी का नसावी? नागरिकाचे सहा टक्क्यांवर अडकलेले पैसे सरकारलाही स्वस्त सावकारच मिळवून देतात.

फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी जुन्या, किरकोळ मागण्या सोडून दिल्या: २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांखालील आणि त्यापुढील पाच वर्षांच्या १० हजारांखालील. निर्णय चांगलाच होता आणि सुमारे एक कोटी करदात्यांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. त्या भाषणातील एक तपशील माझ्या मनात राहिला: काही मागण्या १९६२ पासूनच्या होत्या. सहा दशके राज्यसंस्था एखाद्याचे किरकोळ देणे विसरली नाही. तीच राज्यसंस्था २०१९ चा स्वतःचा वायदा मात्र विसरली होती. आणि सुभेदारसाहेबांचे वळते झालेले चार हजार? ते आधीच वसूल झाले होते, म्हणून परत आले नाहीत.

काय करता येईल

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, निव्वळ विलंबासाठी सरकार आणि नागरिक यांना एकच व्याजदर असावा आणि सरकारकडील व्याज अर्ज न करता आपोआप जमा व्हावे. मग ती रक्कम कराचा परतावा असो वा निवृत्तिवेतनाचा फरक. दुसरी, कलम ६५ ला दात यावेत: जी वीजसवलत आगाऊ भरलेली नाही ती लागू होऊ नये, आणि कोणत्या राज्याने किती रक्कम थकवली हे दरमहा प्रसिद्ध व्हावे. तिसरी सूचना अर्थसंकल्पाबद्दल आहे. वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार सरकार आकारलेला पण वसूल न झालेला कर किती, याचे विवरण दरवर्षी संसदेपुढे ठेवते. म्हणजे आपले येणे सरकारला नीट माहीत आहे. नागरिकांचे सरकारकडून येणे किती, म्हणजे अडकलेले परतावे, न दिलेले फरक, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांची थकलेली देयके, हेही त्याच तपशिलाने त्याच्या शेजारच्या पानावर यावे.

यांतील एकाही सूचनेने तिजोरीवर नवे देणे येत नाही. जी देणी आहेतच, ती फक्त दिसू लागतील आणि त्यांना तारीख लागेल. विजेच्या थकबाकीने दाखवून दिले आहे की, तारीख लागली की पैसे निघतात. पुढच्या अधिवेशनात मी खासगी विधेयक मांडणार आहे. खासगी विधेयकांचे भवितव्य काय असते, हे मला ठाऊक आहे. १९७० नंतर एकही संमत झालेले नाही. तरीही मांडणार, कारण सुभेदारसाहेबांनी विचारलेला प्रश्न निदान कामकाजाच्या नोंदीत तरी राहावा. त्याला ‘विचाराधीन’ असे उत्तर मिळाले, तर ते कोणी दिले, हेही तेथे नोंदले जाईल.