महाराष्ट्रातील ऊर्जा कार्यक्षमता धोरण

महाराष्ट्रातील ऊर्जा कार्यक्षमता धोरण म्हणजे राज्यातील उद्योग, इमारती, नगरपालिका सेवा व शेती या क्षेत्रांतील ऊर्जेचा अपव्यय कमी करण्यासाठी राज्य शासनाने आखलेल्या उपाययोजनांचा समूह होय. या धोरणास ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ चा आधार आहे.

संस्थात्मक रचना

अधिनियमानुसार मानके ठरविण्याचे काम केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, तर अंमलबजावणीचे काम राज्याने नेमलेल्या संस्थेकडे असते. महाराष्ट्रात ही जबाबदारी पुणे येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे (महाऊर्जा) आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० मध्ये वीज मागणी व्यवस्थापनाचे विनियम लागू केले. २०१७ च्या राज्य ऊर्जा संवर्धन धोरणात पाच वर्षांत १,००० मेगावॅट बचतीचे उद्दिष्ट होते. २०२२ च्या केंद्रीय दुरुस्तीने इमारतींच्या ऊर्जा संहितेची कक्षा मोठ्या निवासी इमारतींपर्यंत वाढविली. तथापि बांधकाम परवानगी स्थानिक स्वराज्य संस्था देत असल्याने संहितेचे यश त्यांच्या तांत्रिक क्षमतेवर अवलंबून आहे.

कृषिपंपांचा प्रश्न

महावितरणच्या ग्राहकांपैकी सुमारे १६ टक्के ग्राहक कृषिपंपधारक असून एकूण वीजवापरातील त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. त्यामुळे बचतीस येथे मोठा वाव आहे. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा व पंढरपूर परिसरात जुने पंप काढून कार्यक्षम पंप विनामूल्य बसविण्याचा पथदर्शी प्रकल्प राबविण्यात आला. शेतकऱ्याने खर्च न करता वाचलेल्या विजेच्या मोलातून गुंतवणूक भरून काढावी, अशी त्यामागील कल्पना होती.

एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणारी मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. थकबाकीने त्रस्त शेतकऱ्यांना तिने दिलासा दिला. मात्र पंप बदलण्याचे आर्थिक कारण त्यांच्यापुरते उरले नाही. बचतीचा लाभ आता शासनाच्या अनुदानात दिसतो, तर पंप निवडण्याचा निर्णय शेतकऱ्याच्या हाती राहतो. अनेक जोडण्यांना मीटर नसल्याने बचत मोजणेही कठीण जाते. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळणे सुकर होते व विजेचा स्रोत बदलतो. परंतु अकार्यक्षम पंप सौर विजेवरही अकार्यक्षमच राहतो आणि भूजलाचा अतिउपसा त्यामुळे थांबत नाही.

मूल्यमापन

राज्य ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक २०२४ मध्ये सर्वाधिक ऊर्जावापर असलेल्या राज्यांच्या गटात महाराष्ट्र अग्रस्थानी राहिला. हा निर्देशांक धोरणे व संस्थात्मक तयारी यांनाही गुण देतो. म्हणून वरचे स्थान हे प्रत्यक्ष बचतीचे पूर्ण मोजमाप ठरत नाही. रोहित्रनिहाय मोजणी, बचतीची स्वतंत्र पडताळणी आणि वाचलेल्या अनुदानातील काही वाटा शेतकऱ्यास देणे, हे मोफत वीज कायम ठेवूनही उपलब्ध असलेले मार्ग आहेत.