आडवी बाटली

दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे चकली बिघडली, अनारसा हसला, अशा घरगुती आपत्तींवर लिहावं, असा आमच्या या सदराचा शिरस्ता आहे. यंदा मात्र मी एका बाटलीविषयी लिहिणार आहे. ती उटण्याच्या तेलाची नव्हे. घरातली वडीलधारी मंडळी हा अंक मोठ्यानं वाचत असतील, तर त्यांनी आधी व्यंगचित्रांचं पान पाहून घ्यावं आणि मग सावकाश इकडे वळावं.

मी मराठीचा मास्तर. त्यामुळे आधी शब्दाकडे पाहतो. ‘दारू’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. तिकडे त्याचा अर्थ औषध. आपल्याकडे आल्यावर तो तोफेत गेला, दिवाळीच्या बाणात गेला आणि पेल्यातही गेला. औषध, स्फोट आणि नशा या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबणारी आपली भाषा भोळी आहे, असं मला पूर्वी वाटे. आता वाटतं, तिला सगळं ठाऊक असावं.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते १९१९ साली. ते मी वर्गात बरीच वर्षं शिकवत आलो आहे. सुधाकराचा ऱ्हास सांगताना माझा आवाज चांगला कापरा होतो, अशी विद्यार्थ्यांत ख्याती आहे. आणि हाच मास्तर महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आपल्या बायकोसमोर बसून द्राक्षाची वाइन पितो, हे त्यांना कळलं तर? म्हटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच छापून टाकावं.

हे सुरू झालं नाशिकला. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. परतताना हिनं द्राक्षाचे मळे पाहायची इच्छा दाखवली. खायची द्राक्षं आपल्या ओळखीची, लांबट आणि बिनबियांची. वाइनची द्राक्षं निराळी. बारीक, जाड सालीची, बियांची. चव आणि रंग त्या सालीतच असतो. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे त्याला झोप नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलातली खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावरची गोडी छाटणी. ‘गोडी छाटणी’ हा शब्द ऐकला आणि मी जागीच विरघळलो. वाइन नंतर चाखली. आधी शब्दच चढला!

या उद्योगाची आपल्याकडची कहाणीही फार जुनी नाही. आमच्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावला, शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच जाणकारांच्या मदतीनं फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशी धाडली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ द्राक्षं लावून २००० साली आपली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आखलं. मग दिंडोरीपासून अकलूजपर्यंत वाइनचे कारखाने निघाले.

आता मुख्य प्रश्न जेवणाचा. वाइनबरोबर पाव आणि चीज खावं, असं पुस्तकं सांगतात. आमच्या घरात दोन्ही नाहीत. तेव्हा हिनं स्वतःच प्रयोग केले. तिखट रश्श्याबरोबर कडक लाल वाइन घेतली, तर तोंडात आग लागते. तिखट आणि मद्य एकमेकांना चिथावतात. त्यावर उतारा म्हणजे किंचित गोडसर पांढरी, चांगली गार केलेली. अळूवडीला आणि तळलेल्या सुरमईला आंबटसर पांढरी फार शोभते. लिंबू पिळल्यासारखं काम करते. लाल वाइन काढावी ती सुक्या मटणाला किंवा भरल्या वांग्याला, तेही तिखटाचा हात आखडता घेऊन. पिठलं-भाकरीला मात्र कुठलीही वाइन चालत नाही. तिथे कांदा फोडावा आणि गप्प बसावं.

पण खरं सांगू? चवीपेक्षा मोलाचा आहे तो तास. एरवी आमचं बोलणं म्हणजे गॅसचा नंबर, मुलाची फी, नळाचं पाणी. पेला समोर असला की घाई करता येत नाही. ही मला तिच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगते, मी ऐकतो. दोघांना एकेक पेला, जेवणाबरोबरच, आणि मग बाटलीला बूच. हा नियम हिचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली बजावलं आहे की, मद्याचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. ते कात्रण हिनं फ्रिजवर चिकटवलं आहे. बाटली काढताना ते वाचावंच लागतं.

तर गेल्या दिवाळीत पाडव्याला म्हणून एक बाटली आम्ही आंबवड्याला नेली. आंबवडे हे आमचं गाव, भोरच्या पुढे. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थानी काळातला झुलता पूल पाहायला लोक येतात. दिवाळीत भाताची कापणी चाललेली असते आणि साऱ्या गावाला ओल्या पेंढ्याचा वास येतो. घरी आई एकटी असते. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं, हे नाशिकला शिकलो होतो. गार आणि अंधारी जागा म्हणून मी ती तांदळाच्या पिंपात आडवी पुरली.

पाडव्याच्या सकाळी आईनं पिंपात हात घातला.

बाटली बाहेर काढून तिनं पदरानं पुसली. “कुणाची रे ही?”

मी खोकलो. नाटक शिकवणाऱ्याला ऐन वेळी संवाद सुचत नाही. ही पुढे झाली आणि म्हणाली, “आमची, आई. दोघांची. द्राक्षाची आहे. जेवताना एकेक पेला घेतो.”

“आडवी ठेवली होती,” आई म्हणाली. “मला वाटलं, बंद केलीत.”

निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला की गावातलं दारूदुकान बंद होतं, हा आपल्या राज्यातला नियम. अशा मतदानाच्या बातम्या आई कापून ठेवते. त्याचं कारण घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. माझे धाकटे काका. हातभट्टीपायी त्यांनी भाताची दोन खाचरं घालवली आणि मी नववीत असताना ते गेले. रात्री-अपरात्री त्यांना ओट्यावरून उचलून आत आणणारी माझी आईच होती.

“तुम्ही शिकलेली माणसं. तुमचं तुम्हांला कळतं,” ती म्हणाली. “पण या घरात नको. इथे फार झालं.”

“नाही उघडणार, आई,” ही म्हणाली. वाद नाही, स्पष्टीकरण नाही. मी मात्र मद्याच्या टक्केवारीवर एक व्याख्यान तयार करत होतो. ते पोटातच राहिलं. बाटली पिशवीत गेली. पाडव्याला आम्ही बासुंदी प्यालो आणि संध्याकाळी झुलत्या पुलावर जाऊन उभे राहिलो. पूल हलत होता आणि आम्ही पूर्ण शुद्धीवर होतो.

पुण्याला निघताना आईनं इंद्रायणी तांदूळ बांधून दिला. पुढच्या शनिवारी त्याचाच मऊ भात, सुरमई आणि ती बाटली, असा बेत झाला. पण पहिला घोट काही केल्या उतरेना. मला ओटा दिसत होता. हिनं पेला खाली ठेवला आणि काकांविषयी विचारलं. इतक्या वर्षांत प्रथमच मी ते सगळं तिला सांगितलं. भात निवून गेला.

रात्री आईचा फोन आला. इकडचं-तिकडचं झालं. मग हळूच म्हणाली, “उघडलीत का रे ती?”

“उघडली.”

“भाताबरोबर बरी लागली?”

“बरी लागली.”

जरा वेळ ती गप्प होती. “संपली?”

“नाही. निम्म्याहून अधिक उरली आहे. बूच लावून ठेवली.”

“उरली ना? मग बरं आहे,” आई म्हणाली. “भाऊजींना तेवढं कधी जमलं नाही.”