नाव नको, काम विचारा!

जावा शिकून पायथॉनकडे वळलेले आपल्यातले बहुतेक जण एक सवय बरोबर घेऊन येतात. फंक्शनमध्ये ऑब्जेक्ट आलं, की आधी त्याचा टाइप तपासायचा! माझं स्पष्ट मत आहे, पायथॉनमध्ये ही सवय सोडलेलीच बरी.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत येतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. समजा, पातळीच्या नोंदींमधून सर्वांत मोठा आकडा काढणारं फंक्शन आपण लिहिलं. त्याला हवं काय? एकेक ओळ देणारं कुणीतरी. मग ती फाइल असो की साधी लिस्ट. बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर ते बदकच! यालाच म्हणतात डक टायपिंग.

आता कुठली ओळ कधी वाचली, याचीही नोंद हवी आहे. मूळ फाइलला हात न लावता तिच्याभोवती रॅपर घालायचा. त्याला जे येत नाही ते त्याने ‘गेटॲटर’ मेथडमधून आतल्या फाइलकडे पाठवायचं. मधे कुणी आहे हे बाहेर कळतसुद्धा नाही. पण फंक्शनने ‘इझइन्स्टन्स’ लावून "तू फाइलच ना?" असं विचारलं, की हा कामाचा गडी दारातूनच परत! उलट, फक्त लिहिण्यासाठी उघडलेली फाइल याच परीक्षेत पास होते आणि वाचायला गेलं की एरर देते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

अर्थात, रॅपर लिहिणाऱ्यानेही गाफील राहू नये. ‘रीडलाइन’ म्हटलं तर गेटॲटर धावून येतो. ‘फॉर’ लूप लावला, की मात्र पायथॉन थेट रॅपरच्या क्लासमध्ये ‘इटर’ शोधतो. ती मेथड आपणच लिहायला हवी.

"टाइप तपासला नाही तर चूक प्रोग्राम चालताना कळते," हा जावावाल्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे टेस्ट लिहिणं. शिवाय 2019 च्या पायथॉन 3.8 पासून ‘प्रोटोकॉल’ आहे. कोणत्या मेथड हव्यात तेवढं त्यात सांगा. टाइप तपासणारं टूल प्रोग्राम चालवण्याआधीच चूक दाखवतं, आणि तेही ऑब्जेक्टची वंशावळ न विचारता.

तेव्हा पुढच्या मिनी प्रोजेक्टमध्ये टाइप तपासणारी ओळ लिहिण्याआधी क्षणभर थांबा. आपल्याला नाव हवंय की काम?